मान्यतेचा प्रश्न : भारतीय वैमानिकांच्या संघटना आणि वेतनाचे तंटे

कामगार कायद्यात ‘नोंदणी’ आणि ‘मान्यता’ हे दोन शब्द शेजारी शेजारी येत असले तरी त्यांच्यातले अंतर मोठे आहे, आणि भारतातील वैमानिकांच्या संघटना व विमान कंपन्यांची व्यवस्थापने यांच्यात गेल्या तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या तंट्यांचे मूळ पगाराच्या आकड्यांपेक्षा या अंतरात अधिक सापडते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेला नोंदणीचा हक्क दिला. परंतु नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोलणी केलीच पाहिजेत, असे बंधन त्या कायद्याने घातले नाही. महाराष्ट्राने ही उणीव १९७१ च्या कायद्याने भरून काढली. कामगार संघटनांना मान्यता देण्याच्या आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याच्या या कायद्यानुसार, किमान ५० कामगार असलेल्या आस्थापनेत सलग सहा महिने ३० टक्के सभासदत्व टिकवणाऱ्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यतेचे प्रमाणपत्र मिळवता येते, आणि ते मिळाल्यावर मागणीपत्र, वाटाघाटी आणि करार हा क्रम मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत दोन-तीन पिढ्यांनी ‘करार झाला का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला, तो या कायद्याच्या आधाराने. त्याच चिकलठाण्यात शहराचा विमानतळही आहे. मात्र तेथे विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला हा कायदा लागू होत नाही, कारण हवाई वाहतुकीच्या औद्योगिक तंट्यांसाठी समुचित शासन, म्हणजे तंट्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार असलेले सरकार, हे केंद्राचे आहे आणि १९७१ चा कायदा राज्याच्या अखत्यारीतील उद्योगांपुरता आहे. जालना रस्त्यावरच्या कारखान्यातील जोडारीला जो हक्क राज्याने दिला, तो त्याच रस्त्यावरील विमानतळावर उतरणाऱ्या कमांडरला मिळाला नाही, ही विसंगती पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

वैमानिकाच्या वेतनाची रचना समजल्याशिवाय त्याच्या तंट्यांचा अर्थ लागत नाही. त्याच्या वेतनाचा एक भाग ठरावीक असतो आणि दुसरा, बहुधा मोठा, भाग उड्डाण भत्त्याचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो. महिन्याचे वेळापत्रक, ज्याला या व्यवसायात रोस्टर म्हणतात, कंपनी तयार करते. त्यामुळे वैमानिक किती तास उडणार हे त्याच्या हाती नसते. यावर उपाय म्हणून ‘हमीचे तास’ ही कल्पना रूढ झाली : कंपनीने उड्डाणे कमी दिली, तरी अमुक तासांचा भत्ता द्यावाच लागतो. हे हमीचे तास ७० वरून ४० वर आणले की पगारपत्रकावरील दर तसाच राहूनही महिन्याच्या हमीचे उत्पन्न बरेच घटते. म्हणून वैमानिकांचे तंटे दरापेक्षा तासांवरून अधिक पेटतात. बाहेरच्या माणसाला ही तक्रार सुखवस्तू माणसाची कुरकुर वाटते, आणि वैमानिकांच्या संपाला जनतेची सहानुभूती सहसा मिळत नाही त्याचे एक कारण हेच आहे.

दुसरी बाब अर्हतेची. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे आणि विमान कंपनीच्या कमांडरपदाला आवश्यक असणाऱ्या परवान्यासाठी १,५०० तासांचे उड्डाण लागते. शिवाय प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळी अर्हता मिळवावी लागते आणि ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. पदोन्नती ज्येष्ठता यादीने होते, आणि कंपनी बदलणारा वैमानिक बहुधा नव्या कंपनीच्या यादीत तळाशी जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांनुसार कमांडरने राजीनाम्याची पूर्वसूचना एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी द्यायची असते. एका बाजूने असे दिसते की संप झाल्यास कंपनीला दुसरा वैमानिक लगेच उभा करता येत नाही, म्हणजे संघटनेची ताकद प्रचंड. दुसऱ्या बाजूने असे की नाराज वैमानिकाला नोकरी सोडून जाता येत नाही. निघून जाण्याची वाट अशी अरुंद असताना बोलणी करण्याची वाट तरी रुंद असायला हवी होती. ती तशी ठेवली गेली नाही.

वैमानिक हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय, हा प्रश्नही दीर्घकाळ रेंगाळला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळले होते, आणि देखरेखीचे काम करणाऱ्यांना ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच कामगार मानले होते. कंपन्यांचा युक्तिवाद असा की कमांडर सहवैमानिकावर आणि सेवकवर्गावर देखरेख करतो व भरघोस वेतन घेतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये किंग एअरवेजच्या प्रकरणात वैमानिकाचे मुख्य काम तांत्रिक व कौशल्याचे आहे, म्हणून तो कामगारच ठरतो आणि अशा कामाला वेतनाची मर्यादा लागू होत नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय योग्यच आहे. विमान चालवणे हे काम आहे, आणि ते करणाऱ्याच्या हाताखाली चार माणसे असल्याने ते व्यवस्थापन होत नाही. खुद्द वैमानिकांनीही मात्र स्वतःला कामगार म्हणवून घेण्यात फारसा उत्साह दाखवला नव्हता. जुन्या एअर इंडियातील वैमानिकांच्या संघटनेचे नाव ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ आणि इंडियन एअरलाइन्समधील संघटनेचे ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’. दोन्ही नावांत ‘युनियन’ हा शब्द नाही. गिल्ड म्हणजे समव्यावसायिकांची श्रेणी, आणि श्रेणीची वृत्ती आपल्या कौशल्याचे कुंपण राखण्याची असते. या वृत्तीची किंमत पुढे मोजावी लागली.

छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, स्मृतीत १९९३ हे वर्ष एका अपघातामुळे राहिले आहे. पण त्या वर्षाकडे वैमानिकांच्या तंट्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. सरकारने माघार न घेता परदेशी विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने आणून सेवा चालू ठेवली. त्यांपैकी उझबेकिस्तानहून आणलेले तुपोलेव्ह-१५४ जातीचे विमान ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून येऊन दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. विमान नष्ट झाले, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, आणि नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. संप मोडण्याच्या उपायातून अपघात व्हावा आणि त्यासाठी मंत्र्याने पद सोडावे, ही घटना भारतीय कामगार इतिहासात विरळ आहे. शिंदे यांच्या त्या कृतीचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की ज्या वाटाघाटी आधी व्हायला हव्या होत्या, त्यांची जागा राजीनाम्याने भरून निघत नाही.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९९३ रोजी, दिल्ली–जयपूर–उदयपूर–औरंगाबाद–मुंबई या मार्गावरील इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान भर दुपारी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपत असताना ते उशिरा उचलले गेले, धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला त्याचा तडाखा बसला, पुढे ते उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांना धडकले आणि कोसळले. ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले. चौकशीने दोन कारणे नोंदवली : वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला उशीर व त्यासाठी वापरलेली चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. या अपघाताचा आधीच्या संपाशी संबंध होता असे चौकशीत कोठेही म्हटलेले नाही आणि तसा संबंध जोडणे अनुचित ठरेल. वैमानिकांच्या मनोवृत्तीचा विचार करताना मात्र या निष्कर्षाची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात पहिला दोष कॉकपिटमध्ये बसलेल्या दोन माणसांवर येतो, तर दुसरा एका प्राधिकरणावर, म्हणजे ज्याला चेहरा नाही अशा संस्थेवर. रस्त्यावर फाटक असावे की नसावे, ट्रक केव्हा थांबवावा, यांपैकी काहीही वैमानिकाने ठरवलेले नसते. तरी त्याचा परिणाम त्याच्याच विमानावर होतो. जबाबदारी व्यक्तीची आणि अटी संस्थेच्या, ही जाणीव या व्यवसायात पहिल्या दिवसापासून मुरते. वैमानिकांच्या संघटना वेतनाबरोबर विश्रांती, प्रशिक्षण आणि वेळापत्रक यांवरही हक्क सांगतात, त्याकडे व्यवस्थापनाच्या अधिकारावरील अतिक्रमण म्हणून पाहणाऱ्यांनी बीड रस्त्याचा हा दाखला अवश्य विचारात घ्यावा.

याच वर्षी ५ मे रोजी जेट एअरवेजचे पहिले विमान उडाले, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाने निर्माण झालेली मक्तेदारी १९९४ मध्ये कायद्यानेही संपली. खासगी कंपन्या अनुभवी वैमानिक जादा पगारावर ओढू लागल्या, तेव्हा इंडियन एअरलाइन्सने उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता देऊन त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला. वैमानिकांना मिळालेली वाढ पाहून अभियंते, सेवकवर्ग आणि अन्य गटांनीही तशाच मागण्या पुढे केल्या. एका गटाशी स्वतंत्र सौदा करून शांतता विकत घेण्याची ही रीत महागात पडली, कारण तिने एकाच कंपनीतील कर्मचाऱ्यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी बनवले.

त्या प्रतिस्पर्धेचे सर्वांत कडवट रूप विलीनीकरणानंतर दिसले. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करून एकच कंपनी स्थापन झाली. कंपनी एक, परंतु वेतनश्रेणी दोन, ज्येष्ठता याद्या दोन आणि संघटनाही दोन, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी आणि कंपनीच्या गैरकारभाराच्या चौकशीसाठी २७ एप्रिल ते ६ मे २०११ या काळात संप केला. व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केले, न्यायालयाने कामावर परतण्याचे आदेश दिले. अखेर सरकारला बोलणी करावीच लागली आणि वेतन व पदोन्नतीच्या एकीकरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या समितीकडे गेला. विलीनीकरणापूर्वी जे काम व्हायला हवे होते, ते चार वर्षांनी, संपानंतर, समितीवर सोपवले गेले. या संपातील समान वेतनाची मागणी न्याय्य होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पुढील वर्षीच्या संपाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. मे २०१२ च्या पहिल्या पंधरवड्यात इंडियन पायलट्स गिल्डच्या सभासदांनी काम थांबवले, ते प्रामुख्याने यासाठी की नव्याने येणाऱ्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्या वैमानिकांना दिले जाऊ नये. आपल्या पदोन्नतीच्या रांगेत दुसरे पुढे जातील ही धास्ती समजण्याजोगी आहे. ज्येष्ठतेवर ज्याचे सारे भवितव्य अवलंबून असते, त्याला ती रांग प्राणापलीकडे प्रिय असणारच. परंतु सहकाऱ्याच्या शिक्षणाचा दरवाजा बंद ठेवण्यासाठी पुकारलेला संप हा कामगार चळवळीच्या मूळ नीतीशी विसंगत होता. सुमारे १०० वैमानिक बडतर्फ झाले, गिल्डची मान्यता गेली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने ३ जुलै रोजी, ५८ दिवसांनंतर, संप मिटला. कुंपण राखण्याच्या वृत्तीने व्यवस्थापनाला जे हवे होते, ते आयते दिले : एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोन संघटना.

खासगी क्षेत्रात तर मान्यता दूरच, संघटना स्थापन करणे हाच अपराध ठरण्याची वेळ आली. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ स्थापन केली. पुढाकार घेणाऱ्यांना कंपनीने कामावरून काढले, आणि ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. पाच दिवसांनी, काढलेल्यांना परत घेण्याच्या अटीवर, हा तंटा मिटला. हवाई वाहतूक ही औद्योगिक विवाद कायद्यात ‘सार्वजनिक उपयुक्तता सेवा’ गणली गेली होती, म्हणजे तेथे संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस आवश्यक होती आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संपाला मनाई होती. नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू व्हावी, ती सुरू झाली की संप बेकायदा ठरावा, आणि तिच्यात बसून बोलण्यासाठी मान्यताप्राप्त प्रतिनिधीच नसावा, अशा या कोंडीतून आजारपणाची रजा हे हत्यार जन्माला आले. निरोगी माणसाने आजारी असल्याचे लेखी सांगणे हे सचोटीला धरून नाही, आणि ज्या व्यवसायात आपल्या प्रकृतीविषयी खरे बोलणे हा सुरक्षिततेचा पाया आहे, तेथे तर ही सवय घातक आहे. तरीही बोलण्याची सरळ वाट ज्यांनी बुजवली, त्यांचाही यात वाटा आहे, हे मान्य करावेच लागते.

संघटना दुबळी असली की काय होते, हे किंगफिशरच्या आणि नंतर जेटच्या पतनात दिसले. किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीचा परवाना निलंबित झाला. जेटमध्ये वैमानिक आणि अभियंते यांचे पगार इतरांच्या आधी थकले. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ असा इशारा दिला, पण बँकांकडून पैसा येईल या आशेने तो पुढे ढकलला. १७ एप्रिल रोजी कंपनीचे शेवटचे विमान उडाले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या परिसमापनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. अडेलतट्टू म्हणून ज्यांची नेहमी संभावना होते, त्या वैमानिकांनी येथे महिनोन्‌महिने बिनपगारी विमाने चालवली, हे सहसा कोणी आठवत नाही.

अलीकडे तंट्याचे केंद्र पगाराकडून विश्रांतीकडे सरकले आहे, आणि या दोहोंना वेगळे मानणे चूक ठरेल, कारण दोन्ही ठिकाणी मोजमाप तासांचेच आहे. वैमानिकाने किती वेळ कामावर असावे, याच्या नियमांना उड्डाणकार्याच्या वेळमर्यादा म्हणतात. महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये हे नियम सुधारले : आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची ठरवले, आणि रात्रपाळीत एका वैमानिकाला विमान उतरवता येण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली; संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर ती १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. दुसऱ्या टप्प्यानंतर महिनाभरात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, ५ डिसेंबर रोजी एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, आणि सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. देशातील साठ टक्क्यांहून अधिक अंतर्गत प्रवासी वाहतूक एका कंपनीकडे असताना ती थांबली की देश थांबतो, हे खरे. पण नियमाची तारीख पुरेशी आधी माहीत असूनही वैमानिकांची पुरेशी भरती न करणाऱ्या कंपनीला सवलत मिळाली आणि विश्रांतीचा हक्क न्यायालयातून मिळवणाऱ्यांना पुन्हा थांबावे लागले, हा व्यवहार अन्यायाचाच म्हटला पाहिजे. थकवा तहकूब करता येत नाही. मध्यरात्रीनंतर तिसऱ्यांदा विमान उतरवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरची झोप सरकारी परिपत्रकाने जात नाही.

टाटा समूहाकडे २७ जानेवारी २०२२ रोजी परत आलेल्या एअर इंडियात मान्यतेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने वैमानिकांपुढे नवे करार ठेवले, ज्यांत हमीचे तास महासाथीपूर्वीच्या ७० ऐवजी ४० होते आणि चार वर्षे कमांडर राहिलेल्यांना ‘वरिष्ठ कमांडर’ करून व्यवस्थापनाच्या श्रेणीत घेण्याची तरतूद होती. संघटनांशी चर्चा न करता हे करार थेट व्यक्तिशः स्वाक्षरीसाठी दिले गेले. तेव्हा २०१२ मध्ये एकमेकींच्या विरोधात उभ्या असलेल्या त्याच दोन संघटना, गिल्ड आणि असोसिएशन, एकत्र आल्या, आणि दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटा यांच्याकडे दाद मागितली. अकरा वर्षांपूर्वीचे वैर विसरून झालेली ही एकजूट हे या साऱ्या इतिहासातील सर्वांत आश्वासक चित्र आहे. ‘विस्तारा’ या विमान कंपनीतही एअर इंडियात विलीन होण्यापूर्वी हमीचे तास ४० वर आणल्यावर एप्रिल २०२४ मध्ये वैमानिकांअभावी उड्डाणे घटवावी लागली. त्याच्या पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन सेवकवर्गाने सामूहिक आजारपणाची रजा घेतली, २५ जणांना काढण्यात आले, आणि ९ मे रोजी मुख्य कामगार आयुक्तांसमोरच्या समेटात संघटनेशी बोलणी होऊन त्यांना परत घेण्यात आले. तेथे दोन-तीन दिवसांत जे साधले, ते वैमानिकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे साधत नाही, कारण तेथे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मान्यतेचा हा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आणला आहे. पन्नास टक्के वा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतल्यास तो संप मानला जाईल, अशी तरतूद तीत आहे, आणि तिच्यामुळे सामूहिक रजेचे जुने हत्यार बोथट होणार हे स्पष्ट आहे. दुसरीकडे, अनेक संघटना असलेल्या आस्थापनेत हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळेल, म्हणजे महाराष्ट्रातील कारखान्याच्या कामगाराला १९७१ मध्ये मिळालेला हक्क, अधिक कठीण अटीवर का होईना, केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांत प्रथमच आला आहे. या संहितेतही व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना कामगार मानलेले नाही. त्यामुळे ‘वरिष्ठ कमांडर’ म्हणून व्यवस्थापनाच्या श्रेणीत नेलेले वैमानिक हजेरीपटावर कामगार म्हणून मोजले जातील की नाही, यावर त्यांच्या संघटनेची ५१ टक्क्यांची बेरीज जुळणार की नाही हे ठरणार आहे.